चंदन आणि अगरू : एका निवडीचा इतिहास

बडोदे शहराच्या दक्षिणेस तरसाली म्हणून एक वस्ती आहे. पूर्वी हे स्वतंत्र गाव. आज शहराने ते आपल्या पोटात घेतले असून, लगतच्या मकरपुऱ्याच्या कारखान्यांमुळे तेथे गुजराती, मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषा एकाच गल्लीत कानी पडतात. अशा वस्तीतील वाण्याच्या दुकानी मराठी गृहिणी 'उदबत्ती'चा पुडा मागते, तिची गुजराती शेजारीण 'अगरबत्ती'चा मागते, आणि दुकानदार दोघींनाही एकाच फळीवरून एकच वस्तू काढून देतो. मागणाऱ्या दोघींस आणि देणाऱ्यासही सहसा ठाऊक नसते ती गोष्ट अशी की, ही दोन नावे मुळात एकाच झाडाची आहेत. 'अगर' हे संस्कृत अगरूचे रूप, आणि 'ऊद' हे त्याच सुगंधी काष्ठाचे अरबी नाव. पुड्यातील काडीत मात्र त्या झाडाचा बहुधा अंशही नसतो.

त्याच बाजारपेठेत अलीकडे दुसरी एक फळी दिसू लागली आहे. तीवर पुरुषांनी लावावयाच्या सुगंधाच्या बाटल्या असतात. फुलांचे गंध स्त्रियांचे आणि काष्ठांचे गंध पुरुषांचे, असा एक संकेत या व्यापाराने रूढ केला आहे. आणि त्या काष्ठगंधांत दोन नावे ठळक : एक चंदन, दुसरे ऊद. लग्नाकार्यास निघालेला तरुण दोन्ही बाटल्या हाती घेऊन विचारात पडतो की, यांतले कोणते घ्यावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. परंतु या दोन गंधांमध्ये आपल्या पूर्वजांनी निवड कशी केली, किंबहुना ती करण्याची वेळ त्यांनी आपल्यावर का येऊ दिली नाही, हे पाहू गेल्यास तो तितकासा क्षुल्लक राहत नाही. आपल्या देवघरातील रोजच्या आचाराशी त्याचा निकट संबंध आहे.

प्रथम या दोन पक्षांची ओळख निश्चित करणे अवश्य आहे, कारण नामसादृश्याने येथे पुष्कळ घोटाळा झालेला आहे. चंदन म्हणजे श्वेतचंदन. रक्तचंदन हे निराळे झाड. त्यास रंग आहे, सुगंध नाही. वैष्णवांचे गोपीचंदन तर झाडच नव्हे. ती द्वारकेकडची पवित्र मृत्तिका. श्वेतचंदनाचे वैशिष्ट्य असे की, त्याचा सुगंध बाहेरच्या कोवळ्या लाकडात नसून आतल्या गाभ्यात असतो आणि तो गाभा तयार होण्यास वर्षानुवर्षे लागतात. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. परोपकाराचा आदर्श म्हणून आपण ज्याचे नाव घेतो, तो हा वृक्ष स्वतः अर्धा परोपजीवी आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांत शिरून तेथून आपले पोषण मिळवितात. शेजार नसेल तर चंदन वाढत नाही.

अगरू हा ईशान्येचा वृक्ष. आसाम, त्रिपुरा आणि त्यापलीकडील ब्रह्मदेश, मलाया या प्रदेशांचा. निरोगी अगरूचे लाकूड पांढरे, मऊ आणि जवळजवळ निर्गंध असते. खोडास जखम झाली, किडीने ते पोखरले आणि त्या जखमेत विशिष्ट बुरशी शिरली म्हणजे झाड स्वसंरक्षणार्थ एक काळसर राळ निर्माण करते. राळेने भरलेला तो भाग म्हणजेच अगरू. सुगंध प्रकट करण्यासाठी चंदनास झिजावे लागते. अगरूस तो मिळविण्यासाठीच घायाळ व्हावे लागते. नावाची फोड 'अ-गुरु', म्हणजे जड नव्हे ते, अशी केली तर आणखी एक मौज दिसते : उत्तम अगरू इतके जड असते की ते पाण्यात बुडते, आणि चिनी भाषेत त्याचे नावच मुळी 'बुडणारा सुगंध' असे आहे.

आता इतिहासाकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा मूळ ग्रंथ शामशास्त्र्यांनी १९०९ मध्ये म्हैसुरास, म्हणजे चंदनाच्या माहेरीच, प्रथम छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात राजकोशात घेण्याजोग्या रत्नांच्या परीक्षेचे एक प्रकरण आहे. मोती, माणके, हिरे आणि पोवळी यांच्यामागोमाग तेथे चंदन आणि अगरू येतात. या दोन काष्ठांची गणना रत्नांबरोबर आणि जागा खजिन्यात, एवढ्यावरूनच त्यांची योग्यता कळावी. कौटिल्य चंदनाचे सोळा प्रकार सांगतो : कोणाचा रंग तांबडा आणि वास मातीचा, कोणाचा पोपटाच्या पिसासारखा रंग आणि आंब्याचा वास, गोशीर्षक तर काळसर तांबडे आणि चक्क मत्स्यगंधी. अगरूचे प्रकार मात्र तीनच. त्यांपैकी एकाचे नाव 'पारसमुद्रक', म्हणजे समुद्रापलीकडून आलेले.

यापुढे कौटिल्य दोहोंच्या खुणा देतो, त्या आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. चांगले चंदन हलके, स्निग्ध, तुपासारखे अंगास माखणारे, त्वचेत मुरणारे, भडक नसलेले, न विटणारे आणि दाह शमविणारे असावे. चांगले अगरू जड, स्निग्ध, गंध दूरवर नेणारे, अग्नी सोसणारे, गढूळ धूर न करणारे आणि शेवटपर्यंत एकसारखा वास देणारे असावे. या दोन याद्या शेजारी ठेवून वाचाव्या. पहिली त्वचेविषयी बोलते, दुसरी अग्नीविषयी. चंदनाची कसोटी अंगावर आणि अगरूची निखाऱ्यावर, हा भेद येथे स्पष्ट झालेला आहे.

भूगोलानेही हे दोघे एकमेकांपासून दूर राहिले. कालिदासाने रघूच्या दिग्विजयात हे मोठ्या खुबीने योजिले आहे. रघूचे सैन्य दक्षिणेस मलयपर्वतावर जाते तेव्हा त्याचे हत्ती चंदनवृक्षांस बांधले जातात, आणि तेच सैन्य लौहित्य ओलांडून प्राग्ज्योतिषास पोहोचते तेव्हा हत्ती काळ्या अगरूच्या झाडांस बांधले जातात. भारतवर्षाच्या दोन टोकांवर जणू हे दोन सुगंधी खांबच रोवलेले आहेत. पुढे बाणभट्टाच्या हर्षचरितात कामरूपाचा भास्करवर्मा हर्षास ज्या भेटी धाडतो, त्यांत काळ्या अगरूचे तेल आहे आणि गोशीर्ष चंदनही आहे. राजाराजांतील सख्याच्या त्या नजराण्यात दोन्ही काष्ठे एकत्र नांदतात.

मग या दोहोंत निवड कशी होत असे? वैद्यकाने ती ऋतूवर सोपविली. चरकाच्या ऋतुचर्येत हेमंतात अंगास अगरूचा दाट लेप सांगितला आहे आणि ग्रीष्मात चंदनाची उटी. वाग्भटाचेही मत याच दिशेचे. थंडीत अगरूचा धूप घ्यावा असे तो म्हणतो. अगरू उष्ण, चंदन शीत. वैशाखात बडोद्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांस या व्यवस्थेतील शहाणपण समजावून सांगावयास नको. कोणता गंध श्रेष्ठ, हा प्रश्न वैद्यकशास्त्र विचारतच नाही. ते म्हणते, महिना कोणता ते आधी सांगा.

देवालयाने याहून सुंदर तोड काढली. पंचोपचार पूजा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे : गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य. यांत सुगंधास दोन स्वतंत्र स्थाने आहेत. गंध हा पाण्यात उगाळलेला, मूर्तीच्या अंगास लागणारा. धूप हा अग्नीत सोडलेला, गाभाऱ्यात दरवळणारा. पहिले आसन मुख्यत्वे चंदनाचे, दुसरे अगरू-गुग्गुळादिकांचे. अष्टगंधाच्या पाठांतही दोघांस एकत्र स्थान मिळाले. देवासमोर दोघांचा तंटा लागलाच नाही, कारण दोघांस आपापले काम वाटून दिलेले होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ रचिला. त्यात राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना विलेपनाचा भोग आणि धूपाचा भोग हे दोन निरनिराळे सांगितले आहेत. म्हणजे देव्हाऱ्यातील वाटणी राजवाड्यातही तशीच होती.

मानसोल्लासाचे नाव निघाले म्हणजे पुन्हा बडोद्यास येणे प्राप्त आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने जी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तिच्यात श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ १९२५ पासून खंडशः छापला गेला. याच मालेत सुगंधविद्येचे आणखी एक मोठे ऋण आहे आणि ते विशेषेकरून मराठी वाचकाने जाणावे असे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात गंगाधराचा 'गंधसार' आणि एका अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' ही दोन दुर्मिळ प्रकरणे उजेडात आणिली. यांपैकी गंधवादावर चक्क मराठी टीका आहे, आणि तिचा काळ गोड्यांनी सुमारे १३५० ते १५५० या दरम्यान ठरविला. त्या काळी सुगंधाचा कारागीर आपली विद्या मराठीत समजून घेत होता, याचा हा लेखी पुरावा होय. रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादिलेले हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ मध्ये प्रकाशित केले.

गंधसारात सुगंधाच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. द्रव्य रसात भिजविणे, ते शिजविणे, मंदावलेला गंध जागविणे, दुसऱ्या तीव्र गंधाने त्यास भेदणे, धुरी देणे आणि फुलांत वसविणे, असा त्यांचा स्थूल अर्थ आहे. या विद्येचा विस्तार केवढा होता याची कल्पना वराहमिहिराच्या बृहत्संहितेवरून येते. सोळा द्रव्यांतून चार-चार घेऊन तो १,८२० गट पाडतो, आणि प्रत्येक गटातील प्रमाणे बदलून ९६ प्रकार करतो. एकूण गंध झाले १,७४,७२०! जेथे एवढ्या गंधांचा समुद्र पसरलेला आहे, तेथे दोनच बाटल्यांपुढे गोंधळून उभे राहणाऱ्या आजच्या गिऱ्हाइकाची कीव यावी.

आमच्या कोंकणी वाचकांस एक साक्ष अधिक जवळची वाटेल. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तेव्हा मंगेशदेव कुशस्थळीहून प्रियोळास जाऊन तीनच वर्षे लोटली होती. या ग्रंथात चंदन आणि अगरू यांवर स्वतंत्र संवाद आहेत. पांढरे चंदन तिमोर बेटाकडून येते आणि या उष्ण देशाचे लोक ते पाण्यात उगाळून अंगास लावतात, असे तो सांगतो. अगरूविषयी त्याची नोंद आमच्या दृष्टीने अमोल आहे : गुजराती आणि दख्खनी लोक यास 'ऊद' म्हणतात! म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी गुजरात आणि दख्खन या दोन्ही प्रांतांत हे अरबी नाव रुळलेले होते, आणि त्याचा अर्थ काष्ठच होता. पोर्तुगीजांनी मात्र मलबाराकडच्या 'अकिल' शब्दावरून यास 'आगिला' केले आणि इंग्रजांनी त्याचा 'ईगलवुड', म्हणजे गरुडाचे लाकूड, असा अपभ्रंश केला. झाडाचा गरुडाशी काडीचाही संबंध नाही.

मोगल दरबारात अगरूची प्रतिष्ठा परमावधीस पोहोचली. अबुल फजलाने आईन-ए-अकबरीत 'चोवा' काढण्याची रीत दिली आहे : अगरूचे तुकडे अरुंद तोंडाच्या भांड्यात भरून, भांड्यास माती लिंपून ते पालथे ठेवावयाचे, भोवती विस्तव करावयाचा आणि खाली ठिबकणारा अर्क दुसऱ्या पात्रात धरावयाचा. चोवा, अर्गजा, अबीर हे शब्द तेथूनच मराठी दरबारांत रूढ झाले. मराठी राज्यांत सभेच्या शेवटी अत्तर-गुलाब आणि पानसुपारी होई. ती झाली म्हणजे सभा बरखास्त झाली असे समजावयाचे. मनगटास लावलेला तो अत्तराचा ठिपका म्हणजे यजमानाने केलेला सन्मान होता. स्वतःच्या मिरवणुकीचे साधन नव्हते. पुरुषाच्या अंगचा सुगंध हा त्यास दुसऱ्याने दिलेला असे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे नावे राहिली आणि वस्तू सरकल्या. आज मराठीत 'ऊद घालणे' म्हणजे निखाऱ्यावर एक प्रकारची राळ टाकणे. काष्ठाचे नाव राळेस गेले. उदबत्ती ही बांबूची काडी, तीवर कोळशाची पूड आणि जिगट, आणि वरून सुगंधी तेलाचे पुट. अगरू महाग झाले तसे ते नुसते नावापुरते उरले. गंधाचेही तेच होऊ लागले आहे. 'चंदन' असे छापलेली पूड पाण्यात कालविली की गंध तयार. सहाण नको आणि खोड नको. कोंकणी घरांतील 'साण' पुष्कळ ठिकाणी देव्हाऱ्याखाली कोरडी पडून आहे.

या ऱ्हासाचे कारण केवळ आळस नव्हे. कायदा आणि लोभ यांचाही त्यात वाटा आहे. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदन हा राजवृक्ष ठरविला, आणि ही रीत त्याच्यामागूनही म्हैसुरात चालू राहिली. झाड कोणाच्याही आवारात उगवो, त्यावर हक्क सरकारचा. १९१६ मध्ये नालवडी कृष्णराज वडियर महाराजांच्या आणि दिवाण विश्वेश्वरय्यांच्या कारकिर्दीत बेंगळूरास चंदनतेल काढण्याचा कारखाना निघाला आणि जगाच्या बाजारात म्हैसूरचे नाव झाले. परंतु जे झाड जपूनही आपले होणार नाही, आणि चोरीस गेले तर ज्याचा जाब आपल्यास द्यावा लागेल, ते आपल्या शेतात कोण वाढू देईल? रोप दिसताच ते उपटून टाकण्यात शेतकऱ्यास सुरक्षितता वाटे. संरक्षणासाठी केलेला नियमच वृक्षाच्या मुळावर येतो, याचे यासारखे उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही. कर्नाटकाने २००१ मध्ये वनकायद्यात दुरुस्ती करून जमिनीच्या मालकास आपल्या चंदनावर स्वामित्व दिले. मालकी आली तरी तोडणीस परवानगी लागते, आणि पुण्यासारख्या शहरात बंगल्यांच्या आवारातून रातोरात चंदनाची खोडे कापून नेल्याच्या वार्ता वारंवार येतात.

अगरूची स्थिती याहूनही बिकट आहे. कोणत्या झाडात राळ आहे हे बाहेरून सहज कळत नाही, म्हणून लोभी मनुष्य दहा निरोगी झाडे तोडतो आणि एकात त्यास अगरू सापडते. आसाम-मलायातील या जातीच्या व्यापारावर १९९५ पासून आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे, आणि आज ती अतिसंकटग्रस्त जातींत गणली जाते. त्रिपुरा राज्याने अगरूस आपला राज्यवृक्ष मानले आहे आणि आसामात त्याच्या बागा लावल्या जातात, एवढाच काय तो दिलासा.

अशा वेळी तरसालीच्या फळीवरच्या त्या दोन बाटल्यांकडे पाहावे. २००२ मध्ये ईव्ह सँ लोराँ या फ्रेंच संस्थेने पुरुषांसाठी 'एम सात' नावाचा ऊदप्रधान सुगंध काढला, आणि तेव्हापासून पाश्चात्त्य बाजारात ऊदाचा बोलबाला वाढत गेला. तोच ऊद आता अरबी थाटाचा आणि विलायती नवलाईचा म्हणून आमच्या तरुणांस विकला जातो. जे कामरूपाहून हर्षाकडे गेले, ज्यास ऑर्ताच्या काळी येथले लोक सहज ऊद म्हणत, ते आपलेच अगरू परक्या वेशात घरी आले आहे आणि आपण त्यास ओळखीत नाही! बहुतेक स्वस्त बाटल्यांतील ऊद आणि चंदन हे दोन्ही प्रयोगशाळेत जुळविलेले वास असतात, ही गोष्ट निराळी.

आमच्या मते खरी हानी या बनावटपणात नाही. कृत्रिम सुगंधाने जंगल वाचत असेल तर तो एक लाभच समजावा. हानी आहे ती वाटणी पुसली गेली यात. बाटलीने दोन्ही काष्ठांस एकाच मद्यार्कात विरघळविले. उगाळणे गेले, जाळणे गेले, ऋतू गेला. पाण्याचे चंदन आणि अग्नीचे अगरू ही दोन स्वतंत्र कार्ये होती, तोवर 'हे की ते' असा वाद संभवत नव्हता. कार्ये गेली, नुसती आवड उरली, आणि आवडीस आधार नसला म्हणजे जाहिरात तिचा हात धरते.

तेव्हा ज्यास बाटलीच घ्यावयाची आहे त्याने जुन्या वाटणीस अनुसरून घ्यावी : उन्हाळ्यात चंदन, हिवाळ्यात ऊद, आणि दोन्ही इतके थोडे की शेजारी बसणाऱ्यास ते शोधावे लागेल. चंदन भडक नसावे हा कौटिल्याचा दंडक माणसांसही लागू करण्यास हरकत नाही. घरच्या पूजेत मात्र एक खोड आणि एक सहाण असावी. खोड पावतीने, अधिकृत ठिकाणाहून घ्यावे. चोरीच्या लाकडाचे गंध देवास लावण्यात पुण्य ते कसले? रोज चार वेढे उगाळले तर बोटाएवढे खोडही वर्षानुवर्षे पुरते. धूपासाठी अगरूचा हट्ट नको. गुग्गुळ आणि राळ शास्त्रास मान्य आहेत, आणि दुर्मिळ वृक्षावर तेवढाच भार कमी.

ज्या देवस्थानांपाशी जमीन आहे त्यांच्या विश्वस्तांस आमची एक सूचना आहे. देवळाच्या आवारात चार चंदने लावावी आणि प्रत्येकाच्या मुळाशी आधारास तुरीसारखे एखादे रोप द्यावे, म्हणजे ती जगतील. लावतानाच त्यांची रीतसर नोंद करून ठेवावी, म्हणजे पुढे तोडणीच्या वेळी विश्वस्तांस खेटे घालावे लागणार नाहीत. गाभा भरण्यास पंचवीस-तीस वर्षे लागतील. लावणाऱ्याच्या हातून ते चंदन उगाळले जाणार नाही, ते त्याच्या मुलाच्या किंवा नातवाच्या हातून उगाळले जाईल. आपण आज देवापुढे जे शेवटचे खरे खोड झिजवीत आहो, तेही असेच कोणीतरी आपल्यासाठी वाढविलेले होते.